वळचणीला लावलेलं यंत्र

बायांनो, आज जीव थाऱ्यावर न्हाई म्हणून लिहितेय.

माझी लेक कॅनडात असती, सातवा महिना चालू हाय. तिच्या दारच्या पायऱ्या विजेवर तापतात, मग बर्फ ऱ्हात न्हाई. स्वतःच्या अंगावर बर्फ पडला की पायऱ्या आपोआप तापवाय लावणारं यंत्र जावयांनी परवा बसवलं. म्या व्हिडिओ कॉलवर बघत होते. ते उघड्यावर लावाय लागले, तशी म्याच ओरडले, "अवो, नवी वस्तू भिजवताय व्हय? वळचणीला लावा!"

लेक हसली, "लावा हो, न्हाईतर आई फोन ठेवायची न्हाई."

आज सकाळी जावयांचा फोन आला. लई बर्फ पडला, पण वळचणीतल्या यंत्रावर कणसुद्धा न्हाई. पायऱ्या तापल्याच न्हाईत. लेक घसरून पडली. दवाखान्यात हाय, बाळ हलंना झालंय.

जावई म्हणाले, "आई, तुमची काय चूक?" त्यापरीस शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तवापासून फोन हातात घेऊन बसलेय. मला धीर देऊ नका, एवढंच सांगा. सातव्या महिन्यात अशी पडलेली बाई आन् तिचं लेकरू सुखरूप घरी आलेलं कुणी डोळ्यांनी बघितलंय का?