मुसफ्फातली मधाळ कांडी

समस्त आप्तेष्टांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, अबुधाबीला जाऊनही मी उंटावर बसले नाही. मी एक काचेची कांडी तापताना पाहिली. याबद्दल मला यत्किंचितही खेद नाही.

माझा धाकटा भाऊ दिलीप मुसफ्फात, म्हणजे अबुधाबीच्या कारखान्यांच्या वस्तीत, काचकाम करतो. विमानतळावरून थेट तिकडेच गेलो. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या शेड, वेल्डिंगच्या ठिणग्या, कामगारांच्या बसगाड्या. माझी जरीकाठाची पॉलिएस्टर साडी पाहून सगळा रस्ता थबकला, असं मला वाटलं. दिलीपला तसं वाटलं नाही.

"ताई, ही साडी आत चालणार नाही. तापलेली कपची उडाली तर कापड वितळून अंगाला चिकटतं."

त्याचा सुती बॉयलर सूट मला घालावा लागला. जेवणाला खुबूस (तिथली फुगलेली पोळी) आणि मी नेलेली सुकटीची चटणी. दिलीप खुबूसचे नुसते तुकडे करत होता. कारण त्याने जेवता जेवताच सांगितलं. एका बड्या मॅडमच्या जुन्या झुंबराचा तुटलेला हात नव्याने करायचा होता. त्याच्याच मधाळ रंगाची, अंगठ्याएवढी जाड अशी एकच कांडी उरली होती. आदल्या आठवड्यात मुदीर (व्यवस्थापक) कुरियन यांनी घाई केली आणि दुसरी कांडी ज्योतीत तडकली. "ही फुटली तर मला पुन्हा खिडक्यांच्या काचा कापायला बसवणार," दिलीप म्हणाला. आठ वर्षांनी त्याला ज्योतीसमोरची ही खुर्ची मिळाली होती.

मी टेबलावरचा एक सुंदर तुकडा उचलायला गेले.

"हात मागे! गार दिसतोय, पण गार नाहीये."

सकाळपासून छोट्या भट्टीत कोमट होत असलेली कांडी त्याने काढली. डोळ्यांवर जांभळट चष्मा चढवला, कांडीचं टोक रिकाम्या भिंतीकडे धरलं आणि मला आणि येऊन ठेपलेल्या कुरियन यांना आपल्या पाठीमागे उभं केलं. मग ज्योतीच्या अगदी शेंड्याशी कांडी फिरवत आत-बाहेर, आत-बाहेर. तान्ह्या बाळाला शेक द्यावा तसं.

"यल्ला दिलीपभाई, जल्दी करो! मॅडम का फोन आ रहा है," कुरियन करवादले.

"साब, ऊपर गरम है, बीच में अभी ठंडा है. अभी अंदर डाला तो फटेगा."

पाच मिनिटं झाली, दहा झाली. एसी बंद. बॉयलर सुटात माझं लोणचं मुरत होतं. कोपऱ्यातला उभा पंखा बिचारा रिकामा दिसला, म्हणून मी त्याचं बटण दाबलं.

ज्योत आडवी झाली. गार झोताने कांडी तडकू नये म्हणून दिलीप गर्रकन वळला आणि ती अंगाआड धरून वाऱ्याकडे पाठ करून उभा राहिला. कुरियन यांनी पंख्याची वायरच उपटली. मी भावाची खुर्ची, आठ वर्षं एका बोटाने उडवली होती. त्याने कांडी उजेडात फिरवून पाहिली.

"चीर नाही. पहिल्यापासून," तो म्हणाला. माझ्यावर ओरडला नाही, हेच जास्त लागलं.

पुन्हा भट्टी, पुन्हा शेंडा, पुन्हा फिरवणं. कुरियन यांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा माझ्याकडे बघून मिटलं. शेवटी काच केशरी झाली, मऊ पडली, आणि माझ्या भावाने तिला हंसाच्या मानेचं वळण दिलं. लगेच मोठ्या भट्टीत ठेवून दार बंद केलं. रात्रभर हळूहळू निवायला.

परत येऊन मला आता आठवडा झाला. शेजारणी विचारतात, तिकडे काय पाहिलंस? मी सांगते, न घाबरता सावकाश काम करणारा माणूस पाहिला, आणि तो आमचा निघाला. मग दुसऱ्या दिवशीची हकिकत सांगितल्याशिवाय कुणाला चहा देत नाही.

मॅडमच्या दिवाणखान्यात आम्हा तिघांसमोर झुंबर टांगलं गेलं. आठ हात, आठही मधाळ. मॅडम भोवती फिरल्या आणि छान हिंदीत म्हणाल्या, "नया कौन सा है?" कुरियन यांनी ऐटीत एक हात दाखवला. दिलीपने हळूच मान हलवली. तो नव्हता. दुसरा दाखवला. तोही नव्हता. शेवटी मॅडम दिलीपकडे वळल्या, त्याने बोट उचललं, आणि त्या गालिचा अंथरलेल्या शांत खोलीत मी खणखणीत मराठीत ओरडले, "दिल्या, दाखवू नकोस! शोधू देत त्यांनाच!"