खुर्चीतला हमाल

ओझ्याचा पट्टा कपाळाला लावून, घरांच्या छपरांवर घालायचे चपटे दगड पाठीवरून खिंडीपार न्यायचे, यात तिची हयात गेली. सगळे तिला हमालीणबाईच म्हणत. नवरा शिंपी. इस्त्रीपेक्षा जड काही त्याने कधी उचललं नव्हतं.

तोच म्हातारा हल्ली रोज गुळगुळीत दाढी करून नव्या हॉटेलात जाऊ लागला.

"तिथे काय काम असतं हो?"

"गिऱ्हाईकं असतात."

पण कात्री आणि टेप घरातच पडलेली. पाणी कुठेतरी मुरतंय, हे तिने ओळखलं. एखादी बाईच असणार.

एका दुपारी ती त्याच्या मागोमाग गेली. हॉटेलवाल्याने भिंतींवर डोंगराचा इतिहास मांडला होता: छपरांचे जुने दगड, वाळवलेली रानफुलं, हमालांचे पट्टे. शेकोटीजवळच्या खुर्चीत नवरा बसून पाहुण्यांना सांगत होता, "मणभर दगड पाठीवर आणि पाय बर्फात! ही मान बघा, तेव्हापासून वाकडी आहे."

मान शिवणयंत्रावर वाकडी झाली होती. बाई असती तर एक वेळ परवडलं असतं. हा तर तिचंच आयुष्य आपलं म्हणून खपवत होता.

"उठा," ती म्हणाली.

"अगं, लोक ऐकतात, मालक चहा देतात..."

"चहा प्या खुशाल. दगड मी वाहिलेत."

तो उठला. ती बसली. पाहुण्यांनी विचारलं, "आजी, चढताना तुम्ही गाणी म्हणायचा का?"

"पाठीवर ओझं असताना गाणं कसलं? बोलायलाही दम पुरत नाही. आता बोलते. विचारा."