मागच्या चाकाजवळचा ओला डाग

आमच्या घरात मोटार आली ती सासऱ्यांच्या हौसेने, आणि तिचे डाग आले माझ्या वाट्याला. निजामाचं राज्य गेलं तेव्हा हैदराबादचा एक अंमलदार सगळं विकून निघाला होता. त्याची जुनी गाडी मामंजींनी उचलली आणि जालन्याला आणून आमच्या पुढच्या पडवीत, शहाबादी फरशीवर उभी केली. सकाळी गाडी बाहेर निघाली की खालची फरशी घासायची मी. धाकटी सून आणखी कशाला असते?

घासून घासून ते डाग मला पाठ झाले. पुढच्या बाजूला तांबूस ओल असली तर ते रेडिएटरचं पाणी, नुसत्या फडक्याने जातं. मधोमध काळं चिकट असलं तर इंजिनचं ऑइल, त्याला राख लागते आणि वर मनगटही दुखतं. पेट्रोल फरशीवर टिकतच नाही, वास मागे ठेवून उडून जातं. एकदा वाढता वाढता मी यजमानांना हळूच म्हटलं, की रेडिएटर गळतोय वाटतं. मामंजींनी ते ऐकलं आणि म्हणाले, "मंग आता मिस्तरीला बोलवा पोळ्या लाटायला." सगळं घर हसलं. आमचे हेसुद्धा हसले, ते मी अजून विसरलेली नाही.

गाडी चालवायचा तो आमचा जुना गाडीवान. बैल विकले, त्याला मोटार शिकवली, पण रीत गाडीवानाचीच राहिली. दसऱ्याला गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि मग बैलगाडीच्या आसाला घालतात तसं चारी चाकांना पळीपळीने करडीचं तेल घातलं. मामंजी शेजारी उभे राहून सांगत होते, "मोटार असो का छकडा, चाकाला तेल पायजेच." फरशीवर चार ठिकाणी तेलाची थारोळी झाली. ती कुणी घासली हे सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी आम्ही राजूरला निघणार होतो. माझ्या लेकीला गोवर येऊन गेला होता, अंगात काही उरलं नव्हतं, तेव्हा आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तिला राजूरच्या गणपतीच्या पायावर घालायचा नवस केला होता. आता ती टुणटुणीत होती. पहाटेच नवं परकर-पोलकं घालून गाडीत आजीच्या मांडीवर जाऊन बसली. मी नैवेद्याचा डबा घेऊन आले, आणि मागच्या चाकाजवळ फरशी ओली दिसली.

काल मी ती कोरडी केली होती. बाकीची तीन चाकं कोरडीच होती. मी डबा खाली ठेवला, वाकले आणि बोट लावून पाहिलं. करडीचं तेल बोटांना धरून बसतं, हे पातळ होतं. वास घेतला. दवाखान्यातल्या स्पिरिटचा झणका, आणि त्याच्यामागून एरंडेल. लहानपणी नाक दाबून ज्यांनी एरंडेल घेतलंय त्यांना तो वास ओळखायला शिकावं लागत नाही. हाच वास कोठीतल्या एका डब्याला यायचा. मिस्त्रीने तो ठेवून जाताना बजावलं होतं की हे ब्रेकचं तेल आहे, खायच्या तेलाजवळ ठेवू नका.

"ब्रेकचं तेल गळतंय," मी म्हणाले.

गाडीवान वाकलासुद्धा नाही. "न्हाई वैनी, कालचं पुजेचं तेल हाय ते. मीच घातल्तं."

"पुजेचं मी काल पुसलंय. ह्याचा वास घ्या."

"चला, चला," मामंजी म्हणाले, "जल्दी करा. आरती चुकंल."

राजूरचं देऊळ टेकडीवर आहे. चढून जाता येईल, पण उतरताना काय? गोवरातून ओढून आणलेली पोर मी कुणाच्या आरतीच्या घाईपायी उतारावर सोडणार नव्हते. मी दार उघडलं, तिला आत्याबाईंच्या मांडीवरून उचललं आणि जावेच्या हातात दिलं. मग पुढे गेले. गाडीवान स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. त्याला म्हणाले, "उतरा." माझा आवाज ऐकून तो उतरला.

त्या घरात सासऱ्यांसमोर सून खुर्चीवर बसत नसे. मी पदर खोचला आणि गाडीवानाच्या जागेवर बसले. पायाखालच्या तीन पट्ट्यांतली मधली ब्रेकची, हे मला ठाऊक होतं, कारण त्यांच्यावरचा चिखलही मीच पुसत होते. मी पायाने ब्रेक दाबला. तो मऊ लागला आणि सावकाश खाली जात जात तळाला टेकला. मागच्या चाकातून बारीक धार निघून फरशीवर पसरली. ती सगळ्यांनी पाहिली.

मग मामंजी म्हणाले, "चांगली पुजेल गाडी होती. बाईमाणसानं पाय लावला, म्हणून बसला ब्रेक."

हे ऐकून मी रडले असते तर सगळ्यांना बरं वाटलं असतं. मी म्हणाले, "मंग रोज लावीन, मामंजी. पोरीला बसवायच्या आदुगर रोज लावीन." पदर डोक्यावरून घसरला होता, तो मी मुद्दाम सावरला नाही.

मिस्त्री आला, त्याने चाक काढलं, आतलं रबर चिरलेलं निघालं. मामंजी गावभर सांगत सुटले की गणपतीने वाचवलं. वाचवलं असेल, पण फरशीवर गुडघे टेकून बसले होते मी.

दिला शब्द मी पाळला. गाडी निघायची त्या प्रत्येक सकाळी मी सगळ्यांदेखत पुढे बसून ब्रेक दाबून बघायची. आत्याबाई तोंड फिरवायच्या, गाडीवान खाकरायचा, शेजारच्या बायका दारात येऊन बघायच्या. बघू देत. मामंजींनी माझं खरं होतं असं मरेपर्यंत म्हटलं नाही. पण गाडीच्या दाराशी येऊन ते छत्री टेकून उभे राहायचे, नजर रस्त्याकडे. मला कधीच घाई नसायची. मी ब्रेक दाबायची, सोडायची, पुन्हा दाबायची. आणि "बसा, मामंजी" असं मी म्हणेपर्यंत ते बसत नसत.