काळे प्रकरण

माझी कादंबरी संध्याकाळी प्रकाशकाकडे पोहोचायची होती. अशोकस्तंभाजवळच्या डीटीपीच्या दुकानात सिन्नरहून येणाऱ्या एक बाई तिची प्रकरणे लावत होत्या. नवे पान यावे म्हणून मी दाबलेले असंख्य एंटर त्यांनी निमूट पुसले. मग सगळी पाने पडद्यावर टिकलीएवढी केली. प्रयोगशाळेतल्या नोकरीमुळे सूक्ष्मदर्शकातून वस्तू मोठी करून पाहण्याची माझी सवय. हे उलटेच होते.

"ताई, अकरावं प्रकरण लय काळं दिसतंय, मधी कुठं पांढरी जागाच नाय. हिथं कोणी बोलतच नाय का?"

"तिथे बापलेकीचं भांडण आहे."

"भांडण? आन् एकाचंबी तोंड उघडंना?"

एक ओळही न वाचता त्यांनी ते मौन ओळखले होते. ते भांडण ऐकण्याचे धैर्य मला लिहितानाही झाले नव्हते. मी प्रकाशकांना फोन करून मुदत मागितली. बाईंनी अकराव्या प्रकरणाच्या पहिल्या परिच्छेदाखाली एक अवतरणचिन्ह उघडले आणि कीबोर्ड माझ्याकडे सरकवला.