अर्ध्या तासाची झोप

माझ्या धाकट्या भावाला, संकर्षणाला, कुणी मूर्ख म्हटलं तर मी त्याची जीभ हासडीन. मी म्हणते ते वेगळं. मी थोरली बहीण आहे, मला हक्क आहे.

आमचं घर कुवेंपुनगरात. पिढ्या म्हैसुरात गेल्या, पण घरात मराठीच बोलतो. अर्धी कन्नड शिरलेली, तुम्हाला हसू येईल अशी. संकर्षण एका पतपेढीत कारकून होता. ती बुडाली तेव्हा त्यानं मागे पत्र्याचं छप्पर असलेली एक वापरलेली पिकअप घेतली आणि बायकोच्या, विशालाक्षीच्या, हातच्या चवीवर नवा उद्योग उभा केला. श्राद्धाचा स्वयंपाक. लोक टी. नरसीपूरला संगमावर आईबापांचं श्राद्ध करायला जातात, पण तिथे मडीतलं रांधणार कोण? मडी म्हणजे सोवळं. मग विशाला पहाटे आंघोळ करून ओलेत्यानं चुलीपुढे उभी राहायची आणि शिजलेलं अन्न संकर्षण गाडीनं पोचवायचा. मी आदल्या संध्याकाळी भाज्या निवडायची आणि दिवसभर तोंड चालवायची.

आता मडी म्हटली की तिचे नखरे आले. पातेली नायलॉनच्या दोरीनं बांधायची नाहीत, रबर लावायचं नाही, ताडपत्रीचा स्पर्शसुद्धा नको. सुती दोरी धुऊन वापरा म्हटलं तर ती गाडीच्या कड्यांना अडकवावी लागते, आणि कड्यांना जगाचे हात लागलेले. म्हणून विशाला स्वतः मागे बसायची. पातेल्यांच्या मधोमध लाकडी पाट, त्यावर ती, दोन्ही हात दोन पातेल्यांवर आणि पाय तिसऱ्याला टेकवून. वर्षानुवर्षं अशीच गेली बिचारी. गाडीच इतकी मरतुकडी होती की काही सांडायचं भय नव्हतं.

पण त्या मरतुकडेपणानंच तिचा जीव काढला होता. बन्नूरकडून उसाचे ट्रॅक्टर निघाले की भरलेली गाडी त्यांच्यामागे रांगायची, पुढे काढायला इंजिनात दम नाही. श्राद्धाची वेळ काही थांबत नाही. मग घरून लवकर निघायचं, म्हणजे लवकर शिजवायचं, म्हणजे विशालानं अडीचलाच उठायचं. आदल्या दिवशी शिजवलेलं चालत नाही ना! एकदा ती वडे तळता तळता उभ्याउभ्याच झोपली. झारा हातातून सुटला तेव्हा जागी झाली, आणि माझ्याकडे बघून हसली. मला हसू आलं नाही. संकर्षण दारात उभा होता. त्यानं ते पाहिलं, आणि त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात एकच गोष्ट बसली: हिला रोज अर्धा तास जास्त झोप द्यायची.

दुसरा नवरा असता तर हाताखाली बाई ठेवली असती. पण मडीत रांधणारी बाई आज कुठे मिळते? आमच्या शहाण्यानं ठरवलं, गाडीची ओढ वाढवायची. मोबाइलवर तो तासन् तास ट्यूनरची चित्रं बघत बसायचा. मला दाखवायचा, "अक्का, बघ, ही डबी इंजिनाच्या वायरींत बसवली की गाडी जास्त डिझेल ओढते, उडी मारते." मी म्हणायची, "उडी मारायला ती बेडूक आहे का? सुम्ने, उगीच कशाला नसता उद्योग?" पण मनातून मला बरं वाटायचं. बायकोच्या झोपेसाठी इतका जीव टाकणारा नवरा मी तरी आमच्या नात्यात दुसरा पाहिला नाही.

शेवटी तो मिलिंदकडे गेला. मिलिंद नाशिकचा, इथल्या कारखान्यात इंजिनिअर, आमच्याच गल्लीत राहतो, आणि सुटीच्या दिवशी हौसेनं लोकांच्या गाड्या ट्यून करून देतो. स्वच्छ पुस्तकी मराठी बोलतो. त्यानं नीट समजावलं. "काका, दोन मार्ग आहेत. गाडीच्या कॉम्प्युटरमधली सेटिंगच बदलायची, म्हणजे ओढ सावकाश चढते, गाडी हिसका देत नाही. मी तेच करीन. पण गाडी माझ्याकडे काही दिवस ठेवावी लागेल. दुसरा मार्ग, ही डबी. तासाभरात बसते, पण पाय दाबला की गाडी उसळते."

ऐन पितृपक्ष चालू होता. रोज कुणाचं ना कुणाचं श्राद्ध, रोज नरसीपूर. गाडी ठेवणार कशी? संकर्षणानं डबी निवडली. मिलिंदनं ती बसवली, सगळ्यात खालच्या आकड्यावर ठेवली आणि विचारलं, "मागचा माल बांधलेला असतो ना?"

"हो, हो," संकर्षण म्हणाला.

का म्हणाला? मी विचारलं होतं. म्हणे, त्याला मडी काय समजावू, अक्का? तो दोरी का चालत नाही विचारणार, धुतलेली का चालत नाही विचारणार, आणि मग हसणार. त्या हसण्याच्या भयानं माझ्या भावानं हो म्हटलं.

पण पुढचे दिवस चांगले गेले हो! खोटं कशाला बोलू? गाडी ट्रॅक्टरांना मागे टाकायला लागली. विशाला तीनला उठायला लागली. डोळ्यांखालची काळी वर्तुळं ओसरली, मला "अक्का, आज फिल्टर कॉफी मी घालते" म्हणाली. संकर्षणाला तेवढ्यानं काय झालं विचारू नका! त्यानं मिलिंदला न विचारता डबीचा आकडा सगळ्यात वर नेला. आणखी थोडी झोपेल बायको, एवढंच त्याचं गणित.

सर्वपित्रीचा दिवस. जगन्नाथराव म्हणून एक मोठं गिऱ्हाईक, त्यांच्याकडचं श्राद्ध. विशाला उशिरापर्यंत झोपली, संकर्षणानं उठवलंच नाही. त्यामुळे सगळं धावपळीत झालं आणि पातेली चुलीवरून उतरली ती थेट गाडीत चढली. वाटेत उसाचा ट्रॅक्टर लागला. संकर्षणानं गाडी बाहेर काढली आणि पाय दाबला. गाडी उसळली, आणि मुगाच्या हुळीचं, म्हणजे आमच्या आंबट घट्ट वरणाचं, पातेलं विशालाच्या मांडीवर आडवं झालं.

ती ओरडली नाही. केबिनच्या काचेवर एक थाप मारायची होती, तीही मारली नाही. मला ती दवाखान्यात म्हणाली, "थाप मारली असती तर हे गाडी थांबवून मागे चढले असते, शिवले असते. सगळी मडी मोडली असती, अक्का. ब्राह्मण पानावरून उपाशी उठले असते." अय्यो देवा! उरलेला सगळा रस्ता ती तशीच बसून राहिली. दोन्ही हात उरलेल्या पातेल्यांवर.

पुढचं मला दोघांनीही सांगितलं, वेगवेगळ्या वेळी, पण एकच. नरसीपूरला त्यानं मागची फळी उघडली. आत अंधार, पातेलं आडवं, हिचं लुगडं पिवळं झालेलं. तो हात पुढे करायला गेला तशी ती म्हणाली, "शिवू नका. स्वल्प सांडलंय. आधी बुडी मारून या, पातेली उतरवा." रोजचा रिवाजच तो. गाडी चालवलेल्या हातांनी पातेली उतरवायची नाहीत, म्हणून संकर्षण आधी नदीत बुडी मारायचा आणि ओल्या धोतरानं एकेक पातेलं उतरवून द्यायचा. त्या दिवशीही त्यानं बुडी मारली. एकेक पातेलं उतरवलं. मग तिला.

विशाला म्हैसूरच्या दवाखान्यात नवरात्रभर होती. जखमा चिघळल्या, ताप उतरेना, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती गेली.

जगन्नाथराव भेटायला आले. खुर्चीत बसून म्हणाले, "गोदावरीबाई, तुमची भावजय साध्वी हो. आमच्या श्राद्धात तिनं विघ्न येऊ दिलं नाही." मी म्हटलं, "उठा. आत्ता उठा त्या खुर्चीवरून, आणि पुन्हा या घराची पायरी चढलात तर मी माझं वय विसरेन." गेले.

मिलिंद रडला. आपणच ती डबी बसवायला नको होती म्हणाला. संकर्षणानं डबी उपटून काढली, हातोडीनं फोडली. घरी येणारा जाणारा डबीबद्दल बोलतो, आकड्याबद्दल बोलतो, ट्रॅक्टरवाल्याला शिव्या देतो. मी ऐकून घेते. अपघात झाला, मान्य. गाडी उसळली, मान्य. पण ते नाही माझ्या मनातून जात. तिथे काठाशी दोन नद्या वाहत होत्या, आणि भाजलेली बाई गाडीत बसून होती.

परवा राहवेना. तो परसात दगडावर बसला होता, पिकअपकडे पाठ करून. मी म्हटलं, "संकर्षणा, एकच सांग. तू नदीत उतरलास. वर येताना तिच्यासाठी तांब्याभर पाणी आणावंसं वाटलं नाही तुला?"



"आणलं होतं, अक्का," तो म्हणाला. "पातेली ठेवायची जागा आधी पुसून घ्यावी लागते ना."