सौरवादळाचं कडं

मी तळेगाव ढमढेऱ्यात शाळेत विज्ञान शिकवते. लडाखच्या आकाशात लाल उजेड दिसल्याच्या बातम्या आल्या, त्या आठवड्यात मी केडगावला मावसबहिणीकडे गेले होते. तो उजेड कशाचा, असं तिच्या मुलींनी विचारलं म्हणून जेवणानंतर ओट्यावर बसून सांगितलं. सूर्याच्या आत तापलेला वायू सतत घुसळत असतो, त्यातून चुंबकत्व तयार होतं. त्याच्या ओढाताणीनं सूर्याभोवतीचं विरळ वातावरण इतकं तापतं की सूर्यालाही ते धरून ठेवता येत नाही. ते वाऱ्यासारखं बाहेर वाहत राहतं. सूर्यासारख्या सगळ्याच ताऱ्यांचं असं. तरुण तारे गरागरा फिरतात, त्यांचं चुंबकत्व जास्त, वाराही जोराचा, आणि तोच वारा हळूहळू त्यांची गिरकी मंद करतो. कधी चुंबकत्वाचा पीळ तुटतो आणि वादळ उठतं. ते पृथ्वीपाशी पोचलं की आकाशात असा उजेड दिसतो.

बहिणीच्या नवऱ्यानं, आमच्या दाजींनी, हे मोबाइलवर रेकॉर्ड केलं. म्हणाले, "पोरींना परत ऐकवता येईल." मला बरं वाटलं होतं.

तळेगावच्या पुढच्या बाजाराला भाजी घ्यायला गेले, तर मेथीच्या ढिगांपलीकडून स्पीकरवर माझाच आवाज आला. "पीळ तुटतो आणि वादळ उठतं." पाठोपाठ दाजी, टेम्पोत उभे राहून: "मॅडम काय म्हणत्यात ऐकलं ना? हे चुंबकाचं कडं घाला. वादळ अंगाला लागायचं न्हाई."

मी पुढे जाऊन स्पीकर बंद केला आणि लोकांना म्हटलं, "तो आवाज माझा आहे. पृथ्वीला स्वतःचं चुंबकत्व आहे, वर दाट हवा आहे. ते वारं आपल्या अंगापर्यंत येत नाही. या कड्यानं काही होत नाही, घेऊ नका."

सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. वडगाव रासाईच्या एका आजींनी विचारलं, "म्हंजी वारं हाय, हे खरं ना?"

"आहे आजी, पण..."

"मग आसू दे एक." त्यांनी कडं मनगटात चढवलं. मागून आणखी हात पुढे आले.

"ताई, तुम्ही आलात ते बरं झालं," दाजी हसून म्हणाले. "लोकांचा इस्वास बसला." आणि घामानं चिकट झालेलं एक कडं माझ्याच हातात कोंबलं. मी ते कोबीच्या सडक्या पानांत फेकलं.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. "कशाला एवढं मनाला लावून घेतीस? कुणाचं काय वाईट झालं का?"

मी फोन ठेवला. त्या दिवाळीला केडगावला गेले नाही. मुलींची आठवण येते. पण त्या घरचा घास आता घशाखाली उतरणार नाही.