काकांचं वाक्य

काका सोफे दुरुस्त करतात. कामाला बसले की मूठभर बारीक खिळे तोंडात टाकायचे, जिभेने एकेक ओठांवर आणायचा, लोहचुंबकाच्या हातोडीला चिकटवायचा आणि ठोकायचा, ही त्यांची जुनी पद्धत. तोंडात खिळे असलेल्या माणसाकडून कोणी गप्पांची अपेक्षा करत नाही, आणि काकांना तेच हवं असतं. लहानपणापासून ते बोलताना अडखळतात. त्यातही ‘स’ म्हणजे त्यांचा जन्माचा वैरी, आणि धंदा नेमका सोफ्यांचा!

बोलण्याचं खातं काकूंकडे. गिऱ्हाइकाला भाव सांगायचा काकूंनी, रेक्झिनवाल्याशी हुज्जत घालायची काकूंनी. काकांनी वाक्य सुरू करायचं आणि काकूंनी ते संपवायचं, असा यांचा सुखाचा संसार. नवऱ्याच्या मनातलं ओठांवर यायच्या आत आपल्याला कळतं, याचा काकूंना कोण अभिमान! चारचौघांत त्या तो मिरवायच्यासुद्धा.

परवा काम करता करता काकांच्या हातातून हातोडी गळून पडली. काका नको नको म्हणत असताना काकूंनी आज त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते, हुशारही असतील, पण त्यांची नजर काही स्क्रीनवरून हलेना.

“हातोडी प-पडली,” काका सांगू लागले, “आणि तेव्हा मला श... श...”

“शीण आला होता,” काकूंनी सवयीने पुरवलं.

काकांनी जोरजोरात नकारार्थी मान हलवली. ती बघायला डॉक्टरांना फुरसत कुठली! “वयाप्रमाणे काम कमी करा, ताकदीच्या गोळ्या देतो,” म्हणेपर्यंत त्यांनी घंटी वाजवलीसुद्धा. काका अजून तोंड उघडं ठेवून बसले होते आणि दारात पुढचा पेशंट उभा.

बाहेर काउंटरवर पैसे भरायचे होते. मोठी रक्कम विमा कंपनी भरते, पण पेशंटचा जो वाटा असतो, ज्याला ते को-पे म्हणतात, तो तिथल्या तिथे द्यावा लागतो. काकूंनी पर्स उघडली. काकांनी हात पुढे करून ती मिटली.

“अहो, काय झालं? थांबा, मी बोलते.”

“मी ब-बोलणार,” काका म्हणाले.

काकू बघतच राहिल्या. काका काउंटरपुढे ताठ उभे राहिले आणि बिलावर बोट ठेवून म्हणाले, “हे प... प... पैसे...” पुढचं काही येईना. मागे रांग वाढत होती. कोणीतरी घड्याळ बघितलं, कोणीतरी फिस्सकन हसलं. काकूंची जीभ नुसती वळवळत होती. काय बोलायचं ते त्यांचं तयार होतं, चांगलं झणझणीत तयार होतं; पण काकांचा चेहरा बघून त्या कशाबशा गप्प राहिल्या. इतकं अवघड काम त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं.

गडबड बघून मॅनेजर आले. “काका, लोक खोळंबलेत. पैसे द्यायचे नाहीत ना? नका देऊ, तुमचा को-पे माफ. झालं समाधान? या आता.”

काकूंना वाटलं, चला, सुटलो. काका मात्र जागचे हलले नाहीत.

“माझं ब-बोलून झालेलं नाही.”

काकूंचा ऊर भरून आला. हा माणूस माझा नवरा आहे, असं त्या रांगेतल्या प्रत्येकाला धरून सांगावंसं त्यांना वाटलं.

“पैशाचं क-काही नाही,” काका म्हणाले. घाम पुसून पुन्हा सुरू झाले. “पण डॉक्टरांनी ऐकलंच नाही, तर पैसे क-कसले? मला शीण नव्हता आला. मला श... शब्द स-सापडेना. मी जन्मभर अडखळतो. तेव्हा शब्द त-तोंडात असतो, नुसता बाहेर येत नाही. परवा तो न-नव्हताच. डोक्यातच नव्हता. हिच्याकडे बघत होतो आणि हिचं न-नावसुद्धा नव्हतं.”

काकूंच्या पायाखालची जमीन सरकली. परवा हातोडी पडल्यावर काका आपल्याकडे बघत होते, तोंड उघडत होते, आणि आपण काय केलं? “पाणी हवंय ना?” म्हणून तांब्या पुढे केला!

मॅनेजरांचा चेहरा उतरला. मेंदूला रक्त कमी पडलं की असं होतं आणि त्यात हयगय करून चालत नाही, एवढं त्यांना ठाऊक होतं. ते स्वतः आत धावले. नर्सने काकांना चाकाच्या खुर्चीत बसवलं, रांग आपणहून बाजूला झाली आणि मघाचेच डॉक्टर लगबगीने बाहेर आले. या खेपेला त्यांनी काकांचा हात हातात घेतला, दोन्ही मुठी आवळायला लावून बघितल्या. मग प्रश्न मात्र काकूंना विचारला.

“किती वेळ होतं असं? हाताला मुंग्या आल्या होत्या का?”

काकूंच्या जिभेवर उत्तर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

“त्यांना विचारा,” त्या म्हणाल्या. “थोडा वेळ लागेल. पण माझा नवरा आपलं वाक्य स्वतः पूर्ण करतो.”

डॉक्टरांनी एक स्टूल ओढलं, काकांसमोर बसले आणि वाट बघू लागले.